हरलेल्याच्या बाजूने: पत्त्यांचं आणि लुडोचं ॲप नव्याने बांधताना

सोशल गेमिंगचं ॲप नव्याने डिझाइन करायला घेतलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी रंगांचा तक्ता उघडतं. तो आधी मिटायला लावा. निळा रंग आवडला नाही म्हणून कुणी ॲप काढून टाकत नाही. आपण हरलो की आपल्याला हरवलं, अशी शंका आली की काढतात. जिंकणाऱ्याला ही शंका कधीच येत नाही. ती हरणाऱ्याला येते, आणि चौघांच्या लुडोत दर डावाला तिघं हरतात. त्यामुळे मी एकच धोरण धरून काम करते: हरलेल्याला आपण का हरलो ते बघता आलं पाहिजे, आणि ते बघून झाल्यावर पुन्हा डाव मांडावासा वाटला पाहिजे.

पुण्यात पौड फाट्याजवळ आमचा छोटा स्टुडिओ आहे. दुसऱ्यांची ॲप्स आमच्याकडे दुरुस्तीला येतात, बहुतेकदा बरीच उशिरा. इथे जे सांगते आहे ते मेंढीकोट, बदाम सात, लुडो आणि कॅरम असलेल्या अशाच एका ॲपच्या कामातून आलेलं आहे. मालकांचं म्हणणं होतं, "मॅडम, लोक येतात, पण टिकत नाहीत. काहीतरी चकाचक करा." चकाचक शेवटी केलंच, पण ते काम सगळ्यात सोपं होतं आणि त्याबद्दल या लेखात काही नाही.

आधी तक्रारी वाचा, मग माणसं गाठा

ॲप स्टोअरवरचे एक तारा दिलेले सगळे अभिप्राय काढा आणि हाताने वाचा. सॉफ्टवेअरला वाचायला देऊ नका, कारण 'वा, काय मस्त फासा पडतो तुमचा' हे वाक्य त्याला कौतुक वाटेल. वाचता वाचता ढीग करत जा. आमच्याकडे चार झाले: पत्ते किंवा फासा 'लावलेला' आहे, समोरचा मधेच पळाला, घाण बोलला, आणि ॲपमधली नाणी गेली. बाकी किरकोळ. कुठल्याही ॲपचे ढीग थोड्याफार फरकाने हेच निघतील असा माझा अंदाज आहे.

मग माणसं. पुण्यात ती शोधायला लांब जावं लागत नाही. सोसायटीच्या क्लबहाउसातला ज्येष्ठांचा दुपारचा डाव, कॉलेजची होस्टेलं, सिंहगड रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीतली भिशी. फक्त 'ॲप कसं वाटतं?' हा प्रश्न विचारू नका. तुम्हाला तासभर तुमच्या शुद्धलेखनावर व्याख्यान मिळेल. फोन हातात द्या, खेळू द्या, आणि कुणी हरलं की त्याचा चेहरा आणि अंगठा काय करतो ते बघा.

कोथरूडच्या एका क्लबहाउसात चौघांना असं मेंढीकोटला बसवलं होतं. एका काकांच्या हातात लागोपाठ दोन डाव एकही मेंढी, म्हणजे दस्सा, आली नाही. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे मशीन पत्ते लावतंय." समोरचे त्यांचे भिडू म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतः पिसता तेव्हा तरी कुठे येतात?" सगळे हसले. काकाही हसले, पण फोन काही सुलटा केला नाही.

गणित काकांच्या विरुद्ध आहे. ५२ पत्त्यांतल्या १३मध्ये चारपैकी एकही दस्सा नसण्याची शक्यता ३० टक्के. लागोपाठ दोन डाव तसं होण्याची ९ टक्क्यांच्या वर. भिडूचे पत्ते धरूनही, म्हणजे २६ पत्त्यांत, एकही मेंढी नाही असं साधारण दर १८ डावांत एकदा होणारच. पण हे गणित काकांना ऐकवून उपयोग नाही. घरी खेळताना पिसणाऱ्याचा हात दिसतो, पिसून झालेला कॅट शेजाऱ्यापुढे येतो, शेजारी काटतो, मग वाटप होतं. फोनवर यातलं काहीच दिसत नाही. तेरा पत्ते आकाशातून पडतात. आपल्याला हे दिसणंच परत आणून द्यायचं आहे.

कॅट पिसायचा, आणि काटायलाही द्यायचा

हा भाग तंत्रज्ञांवर सोडून डिझाइनर निघून जातात. जाऊ नका, विश्वासाचं अर्धं काम इथेच आहे.

डाव सुरू होण्याआधी सर्व्हरने एक लांबलचक गुप्त संख्या काढावी आणि तिचा शा-२५६ पद्धतीचा ठसा चारही फोनांवर पाठवावा. ठसा म्हणजे ६४ अक्षरांची एक ओळ. तिच्यावरून मूळ संख्या उलगडता येत नाही, आणि मूळ संख्येत एक अंक जरी बदलला तरी ठसा पार वेगळा होतो. थोडक्यात, सर्व्हर आपल्याच शब्दाला बांधला गेला. मग प्रत्येक खेळाडूच्या फोनने आपली एक यादृच्छिक संख्या पाठवायची. हे झालं काटणं. सर्व्हरची संख्या आणि चौघांच्या संख्या मिळून कॅटचा क्रम ठरतो. पिसण्यासाठी फिशर-येट्स ही जुनी, सरळ पद्धत पुरते. डाव संपला की सर्व्हर आपली गुप्त संख्या उघड करतो. ज्याला हवं त्याने ठसा जुळवून बघावा. यात क्रम मोडू देऊ नका: आधी सर्व्हरचा ठसा, नंतर खेळाडूंच्या संख्या. उलट केलंत तर खेळाडूंच्या संख्या बघून सर्व्हर आपल्या सोयीची गुप्त संख्या निवडू शकतो, आणि मग काटायला दिल्याचा नुसता देखावा उरतो.

फाशाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. नुसत्या पुढच्या आकड्याचा ठसा पाठवलात तर शक्यता सहाच. कुणीही चुणचुणीत पोरगा सहाही आकड्यांचे ठसे काढून पुढचा फासा आधीच ओळखेल. ठसा नेहमी लांब गुप्त संख्येचाच हवा.

आता 'सहाच पडत नाही' ही लुडोची सनातन तक्रार. ती हसण्यावारी नेण्याआधी आपला कोड तपासा, कारण कधी कधी खेळाडूचं बरोबर असतं. फासा काढायला संगणकाकडून ० ते २५५ मधली संख्या घ्यायची, तिला सहाने भागायचं आणि बाकी वापरायची, असा कोड सर्रास सापडतो. २५६ला सहाने पूर्ण भाग जात नाही; चार उरतात. त्यामुळे एक ते चार या आकड्यांच्या वाट्याला ४३-४३ संख्या येतात आणि पाच-सहाच्या वाट्याला ४२-४२. म्हणजे सहा खरोखरच किंचित कमी पडतो. उपाय एका ओळीचा आहे: २५२ ते २५५ या संख्या आल्या तर टाकून द्या आणि पुन्हा काढा.

पत्त्यांत यापेक्षा वाईट घोटाळा होऊ शकतो. १९९९ साली काही ऑनलाइन पोकरच्या साइट्स वापरत असलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने आपला पिसण्याचा कोड जाहीर केला होता, हेतू हा की लोकांची खात्री पटावी. काही संगणकतज्ज्ञांनी तो वाचला. पिसण्याची सुरुवात मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून होत होती. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. म्हणजे कॅट तेवढ्याच तऱ्हांनी लागू शकत होता. सर्व्हरच्या घड्याळाचा अंदाज घेतला की शक्यता आणखी कमी, आणि आपल्या हातातले दोन आणि टेबलावरचे उघडे तीन असे पाच पत्ते बघून बाकी सगळ्यांचे पत्ते सांगता येत होते. म्हणून सुरुवातीची संख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित स्रोतातून घ्या, किमान २५६ बिटांची घ्या, आणि हे कुणीतरी बाहेरच्याने तपासून सही केलेलं असू द्या.

प्रत्येकाच्या फोनवर फक्त त्याचेच पत्ते गेले पाहिजेत, हेही इथेच तपासून घ्या. आमच्याकडे आलेल्या ॲपमध्ये चौघांचे पत्ते चारही फोनांवर जात होते आणि तिघांचे नुसते झाकलेले दाखवले जात होते. ज्याला फोन आतून उघडता येतो त्याला बाकीचे तीन हात वाचता येत होते. हे असं असताना वरचे सगळे ठसे व्यर्थ आहेत.

एवढं झाल्यावर पडद्यावर काय दिसायला हवं? डाव संपला की निकालाखाली एक बटण: 'डाव तपासा'. दाबलं की ६४ अक्षरांची ओळ पहिल्यांदा दाखवू नका. आधी चौघांचे पत्ते उघडे करून मांडा, प्रत्येक हाताची (म्हणजे चार पत्त्यांच्या फेरीची) उतारी, म्हणजे पहिलं पान, कुणाची होती, कुठली मेंढी कोणत्या हाताला गेली, हे एकेक करून मागेपुढे नेत बघता येऊ द्या. ठसा जुळवणं त्याच्या खाली, 'वाटप आधीच ठरलं होतं याचा पुरावा' या नावाने. ठसा फार थोडे लोक जुळवतील. चालेल. प्रत्येक घरात एक भाचा इंजिनिअर असतो. तो एकदा जुळवून बघतो आणि आजीपर्यंत सगळ्यांना 'बरोबर आहे' म्हणून सांगतो. उघडे पत्ते मात्र सगळेच बघतात. "तुझ्याकडे राजा होता तर दस्सा का घातलास?" हा वाद सुरू होतो. मेंढीकोटची निम्मी मजा डावानंतरच्या भांडणात आहे, आणि ॲपवाल्यांनी तीच कापून टाकून तिथे जाहिरात ठेवलेली असते.

लुडोसाठी याच जागी फाशांचा हिशेब द्या: कुणाला कितीदा सहा पडला, पहिला सहा कितव्या फेकीला. सोबत एक साधं वाक्य. पहिल्या दहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता एका माणसासाठी १६ टक्के आहे. चौघं खेळत असतील तर जवळपास दर दुसऱ्या डावाला कुणा ना कुणाच्या नशिबी हे येतंच. 'तुमच्यासारखं आज आणखी अनेकांना झालं' हे वाचून माणूस निवळतो. ॲप आपल्याच मागे लागलंय असं वाटणं तेवढ्यापुरतं तरी थांबतं.

इथे मालक हळूच एक सूचना करतात. मागे पडलेल्याला गुपचूप थोडे जास्त सहा पाडूया, म्हणजे तो टिकेल. नाही म्हणा. स्पष्ट नाही म्हणा. ते एकदा बाहेर आलं की खरा फासाही कुणी खरा मानत नाही. सौम्य खेळ हवाच असेल तर तो नियम म्हणून उघड लिहा: 'पाच फेऱ्यांत सहा पडला नाही तर एक सोंगटी आपोआप बाहेर.' वेगळं टेबल, वेगळं नाव. भिशीतल्या बायकांना हे टेबल फार आवडलं. होस्टेलच्या पोरांनी ढुंकूनही बघितलं नाही. दोघांचंही बरोबर आहे.

नियम कुणाच्या घरचा?

मेंढीकोटात बंद हुकूम खेळायचा (आधीच पालथ्या ठेवलेल्या पत्त्याचा) की कट हुकूम (उतारीचं पान नसलेल्याने टाकलेल्या पत्त्याचा), यावर भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. दोन-दोन मेंढ्या झाल्या तर सात हात करणारा जिंकतो हे बहुतेकांना मान्य असतं, पण बाकी प्रत्येक घराचं संविधान निराळं. अनोळखी चार माणसं एका टेबलावर आली की प्रत्येकजण आपल्या घरचा नियम गृहीत धरतो आणि तो मोडला की 'ॲप चुकलं' म्हणतो. नियमांचं लांबलचक पान कुणी वाचत नाही. टेबलावर बसतानाच, पत्ते वाटायच्या आधी, एक ओळ: 'कट हुकूम. उतारी वाटणाऱ्याच्या उजवीकडून. बरोबरीत सात हात.' ओळखीच्यांच्या टेबलावर ही ओळ बदलता आली पाहिजे. आमच्या कामात सगळ्यात स्वस्तात झालेली सुधारणा ही.

मधेच पळणारे, आणि बोगद्यात शिरणारे

हरायला लागलं की ॲप बंद करणारे लोक असतात. मागे तिघं ताटकळतात. त्यावर सरसकट दंड लावला की भलताच माणूस भरडतो. डेक्कन क्वीनमध्ये पासवाल्यांचा डाव रंगलाय आणि गाडी घाटातल्या बोगद्यांत शिरली, किंवा कुणी मेट्रोने मंडईच्या जमिनीखालच्या स्टेशनात उतरतंय, तर नेटवर्क जाईलच. त्याला 'पळपुटा' म्हणणारं ॲप तो परत उघडणार नाही.

पळणं आणि तुटणं यांत फरक करायचा तर एका डावावरून तो कळत नाही, कारण लबाड माणूस विमान मोड लावतो. बऱ्याच डावांवरून कळतो. ज्याचं नेटवर्क खरंच वाईट आहे त्याचा संपर्क जिंकतानाही तुटतो आणि हरतानाही. ज्याचा फक्त हरताना तुटतो त्याचं दुखणं वेगळं. प्रत्येक खात्यासाठी एवढी एक तुलना ठेवा आणि पुरेसे डाव झाल्याशिवाय कुणालाही काही करू नका. मग करायचं तेही सौम्य: अशा खात्यांना काही काळ एकमेकांसोबतच बसवा. पळणाऱ्यांच्या टेबलावर पळणारेच. आणि हे त्यांना सांगा. 'गेल्या काही डावांत तुम्ही हरताना बाहेर पडलात, म्हणून सध्या तुम्हाला तशाच खेळाडूंसोबत बसवत आहोत. दहा डाव पूर्ण करा, ही अट निघेल.' गुपचूप शिक्षा केली की माणूस ती शिक्षा न समजता ॲपचा बिघाड समजतो, आणि एक तारा देतो.

तुटलेल्यासाठी जागा मिनिटभर राखून ठेवा. बाकीच्यांना कारण दिसू द्या: 'नेटवर्क गेलंय, वाट बघतोय, ४० सेकंद.' तेवढ्यात आला नाही तर संगणक त्याच्या जागी खेळेल, पण त्या जागेवर 'संगणक' असं ठळक लिहिलेलं हवं, आणि माणूस परतला की पत्ते लगेच त्याच्या हातात.

संगणकाचा विषय निघालाच आहे तर. रात्री दोन वाजता टेबल भरायला माणसं नसतात म्हणून माणसांची नावं आणि फोटो लावून संगणक बसवायचा ही या धंद्यातली जुनी खोड आहे. खेळाडूंना ती ओळखू येते. उत्तर नेमकं दीड सेकंदात, कधी गप्पा नाहीत, कधी चिडचिड नाही. एकदा ओळखलं की खेळाडू मागच्या सगळ्या हारी त्याच खात्यात टाकतो. संगणकाला संगणक म्हणा. 'माणसांची वाट बघू की संगणकासोबत सुरू करू?' असं सरळ विचारा. बरेच जण संगणकच निवडतात.

गप्पा आणि घाण

अनोळखी टेबलावर मोकळं टायपिंग सुरुवातीला बंदच ठेवा. त्याऐवजी तयार वाक्यं द्या, पण ती मराठी माणूस पत्ते खेळताना बोलतो ती. आम्हाला मिळालेल्या यादीत 'छान खेळी!' आणि 'शुभेच्छा!' अशी वाक्यं होती. पत्त्यांच्या डावाला कोण शुभेच्छा देतं? आम्ही ठेवली ती 'टाक की लवकर', 'झोपलास का रे?', 'मेंढी गेली वाटतं', 'भिडू, लक्ष कुठाय?', 'वा पठ्ठे' अशी. 'रे' आणि 'अहो' यांचे दोन संच करा आणि निवड ऐकणाऱ्याकडे द्या. एखाद्या आजींनी 'अहो' निवडलं असेल तर समोरच्याने 'झोपलास का' दाबलं तरी त्यांना 'झोपलात का' दिसावं. करायला सोपं आहे आणि ज्येष्ठ मंडळी त्यावर बेहद्द खूश होतात.

ओळखीच्यांच्या टेबलावर टायपिंग उघडं. तिथेही शिव्यांची चाळणी लागतेच, आणि मराठीत नुसत्या शब्दांची यादी करून ती जमत नाही. आपल्या अर्ध्या शिव्या 'आई'पासून सुरू होतात आणि 'आई जेवायला बोलावतेय' हेही त्याच शब्दाने. शिवाय लोक देवनागरीत लिहितात, रोमन लिपीत लिहितात, मधे ठिपके टाकतात, आकडे घालतात. शब्दांऐवजी अख्खी वाक्यरचना बघावी लागते आणि शंका असेल तिथे माणसाने बघावं लागतं. तो माणूस मराठी येणारा हवा, कारण 'तुझ्या नानाची टांग' ही तक्रार आहे की लाड हे बाहेरच्याला कळणार नाही.

बायकांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली. डावातल्या शिवीपेक्षा डावानंतर येणारा 'हाय' नकोसा होतो. म्हणून डाव संपल्यावर अनोळखी माणसाला निरोप पाठवताच येऊ नये. दोघांनीही स्वतंत्रपणे 'पुन्हा खेळू' दाबलं तरच ओळख जोडली जावी. नकार दिलेला समोरच्याला कळताच कामा नये. प्रोफाइलला फोटोची सक्ती नको. फोनमधली नावांची वही मागू नका. मैत्रिणीला बोलवायला टेबलाचा सहा आकडी नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला की भागतं.

पत्त्यांत आणखी एक लबाडी आहे जी गप्पांच्या चाळणीत सापडत नाही: दोन भिडू बाजूला फोनवर बोलत खेळतात. टेबलावर याला खाणाखुणा म्हणायचे. ॲपला तो फोन ऐकू येत नाही आणि यायलाही नको. अनोळखी टेबलावर भिडू पत्ते टाकून ठरवा, एकाच वाय-फायवरचे दोघं एकत्र बसवू नका, आणि ओळखीच्या जोड्यांसाठी वेगळं टेबल ठेवा जिथे समोरही ओळखीची जोडीच असेल. एवढ्याने सगळं संपत नाही, पण तक्रारींचा सूर उतरतो.

तक्रार केल्यावर काय होतं?

बहुतेक ॲप्समध्ये काहीच होत नाही, निदान तक्रार करणाऱ्याला तरी काही दिसत नाही. तुमच्या ॲपवर लोक एकमेकांशी बोलत असतील तर २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं, तक्रारीची पोच २४ तासांत देणं आणि (२०२६च्या दुरुस्तीनंतर) ७ दिवसांत तिचा निकाल लावणं भाग आहे. या मुदती तक्रारीच्या पडद्यावरच लिहा. तक्रार टेबलावरूनच करता यावी, दोन टिचक्यांत, आणि त्या डावातलं संभाषण आपोआप सोबत जावं. स्क्रीनशॉट मागू नका. निकाल लागला की दोन्ही बाजूंना साध्या मराठीत कळवा. 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे' हे सरकारी वाक्य आहे, त्यातून काही कळत नाही. 'तुम्ही दाखवलेला मजकूर आम्ही वाचला. त्या खात्याच्या गप्पा ७ दिवस बंद केल्या आहेत' हे पुरे. तक्रार फेटाळली असेल तर तेही कारणासकट.

नाणी, पैसा आणि कायदा

ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. सोशल गेमला मुभा आहे. वर्गणी किंवा प्रवेश शुल्क घेता येतं, पण ते पैजेच्या स्वरूपाचं नको. विकत घेतलेली नाणी किंवा टोकनंसुद्धा पैजेत मोडू शकतात, म्हणून मी नाणी विकण्याच्या भानगडीत पडूच नका असंच सांगते. वर्गणी घ्या, जाहिराती नको असलेल्यांकडून पैसे घ्या, पत्त्यांच्या पाठीमागचं पैठणीचं डिझाइन विका. टेबलावर लावायच्या वस्तूला किंमत नको. एक तास वकिलासोबत बसाच.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई करतो. 'मी १८ वर्षांचा आहे' या चौकटीवर टिचकी म्हणजे पडताळणी नव्हे.

आणि फसव्या रचना. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला १३ प्रकार नावानिशी जाहीर केले आहेत: खोटी घाई, नकळत टोपलीत टाकलेली वस्तू, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीचा सापळा, सतत टुमणं, वगैरे. ती यादी छापून भिंतीवर लावा आणि प्रत्येक पडदा तिच्यापुढे धरा. आमच्याकडच्या ॲपमध्ये 'ऑफर संपायला ०४:५९' हे घड्याळ दर वेळी ॲप उघडलं की नव्याने सुरू व्हायचं, आणि नकाराच्या बटणावर 'नको, मला हरायलाच आवडतं' असं लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्याला विनोद सुचला असावा. नुकत्याच हरलेल्या माणसाला तो कसा लागेल, हे क्लबहाउसात दहा मिनिटं बसला असता तरी कळलं असतं.

मोजायचं काय

मालकांना रोजचे वापरकर्ते आणि ॲपवर घालवलेली मिनिटं आवडतात. ते आकडे बघा, पण त्यांवर निर्णय घेऊ नका. चिडून एकामागून एक डाव खेळणाऱ्याचीही मिनिटं वाढतात. मी बघते ते: सुरू झालेल्या डावांपैकी पूर्ण किती झाले, हरलेल्यांपैकी सात दिवसांत किती परतले, तेच चौघं पुन्हा एकत्र किती टेबलांवर बसले, आणि दर हजार डावांमागे तक्रारी किती. यातला दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तक्रारींचा आकडा नवी सोय आल्यावर सुरुवातीला वाढतो, कारण तक्रार करणं सोपं झालेलं असतं. मालकांना हे आधीच लेखी कळवून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात बटण काढून टाका म्हणून फोन येतो.

बदल एकदम सगळ्यांवर सोडू नका. आधी वाटपाची आतली दुरुस्ती, जी कुणाला दिसत नाही. मग 'डाव तपासा', मग तुटलेल्यांचे नियम, मग गप्पा. मधे किमान पंधरा दिवस जाऊ द्या, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळेल. बटणांच्या जागा शक्यतो हलवू नका. रोज खेळणाऱ्या आजींचा अंगठा डोळ्यांच्या आधी पोचतो आणि 'पत्ता टाक'च्या जागी 'बाहेर पडा' आलं की अनर्थ होतो. गणपतीचे दहा दिवस, दिवाळी आणि मे महिना यांत काहीही नवं सोडू नका. घरं भरलेली असतात, टेबलं भरलेली असतात, आणि बिघाड झाला तर दुरुस्त करणारा पोरगा मिरवणुकीत ढोल वाजवत असतो.